विल्यम पाणघोड्याची फायन्स प्रतिकृती : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

शाळेच्या बाईंचा फोन होता. डिसेंबरच्या प्रदर्शनात सहावीची मुलं प्राचीन इजिप्तचा कोपरा करणार आहेत आणि यंदा त्यांना थर्माकोलचा पिरॅमिड नि पुठ्ठ्याची ममी यापलीकडचं काहीतरी हवंय, मुलांना हातात धरता येईल असं. बाई म्हणाल्या एखादं मातीचं भांडं वगैरे करून द्याल का, पण मी फोनवरच फायन्सचं (क्वार्ट्झच्या चुऱ्याच्या, वर निळी काच चढलेल्या वस्तूंचं) नाव काढलं कारण कितीतरी वर्षं ते करून बघायचं मनात आहे आणि निमित्त मिळत नव्हतं. त्या म्हणाल्या तुम्हाला योग्य वाटेल ते करा, फक्त नोव्हेंबरअखेर द्या.

वस्तू कुठली हे ठरवायला वेळ लागलाच नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला निळा पाणघोडा, ज्याला जगभर विल्यम म्हणून ओळखतात. साधारण २० सेंमी लांब, ११.२ सेंमी उंच, ७.५ सेंमी रुंद, म्हणजे सहावीच्या मुलाच्या दोन्ही हातांत नीट बसेल एवढा. बाराव्या राजघराण्याच्या काळातला आहे, इ.स.पू. १९६१ ते १८७८ च्या दरम्यानचा. अंगभर नाईलकाठची झाडंझुडपं काळ्या रेघांनी काढलेली, कमळं, कळ्या, पानं. म्हणजे प्राणी आणि त्याचं पाणी दोन्ही एकाच वस्तूत, दलदल वेगळी दाखवायची गरजच नाही, ती त्याच्या पाठीवरच आहे.

आजच्यापुरतं एवढंच. मापं कागदावर उतरवून घेतली, समोरून, बाजूने आणि वरून दिसणारा आकार खऱ्या मापात काढून भिंतीला लावला.

९ ऑगस्ट

भाची आली होती, ती पुरातत्त्व शिकतेय. तिला चित्र दाखवलं तर पहिलं वाक्य काय, "मावशी, पाय तोडणारेस ना?"

मला हे अर्धवट माहीत होतं, तिने सगळं नीट सांगितलं ते लिहून ठेवतेय. हा पाणघोडा वरच्या (म्हणजे दक्षिणेकडच्या) इजिप्तमधल्या मेईर इथे सापडला, सेन्बी नावाच्या कारभाऱ्याच्या थडग्याशी जोडलेल्या विहिरीसारख्या खोल खड्ड्यात. १९१० मध्ये सय्यद पाशा खशाबा यांनी तिथे उत्खनन केलं होतं. सेन्बीच्या पुरण्याच्या सामानात शवपेटी होती, आतडी वगैरे अवयव ठेवायची पेटी होती, होड्यांच्या आणि अन्न तयार करणाऱ्या माणसांच्या लाकडी प्रतिकृती होत्या, आणि पाणघोड्यांची जोडी. जोडी! त्यातला एक म्हणजे आपला विल्यम. एडवर्ड हार्कनेस यांनी तो १९१७ मध्ये म्युझियमला दिला, म्हणून त्याचा संग्रह क्रमांक १७ ने सुरू होतो.

आता पायांचं. विल्यमचे चारपैकी तीन पाय मूळचे नाहीत, नंतर बसवलेले आहेत. आणि ते पडून वगैरे तुटले नव्हते, बहुधा मुद्दाम तोडले होते. थडग्यात ठेवलेली मूर्ती किंवा चित्र पुढच्या जगात जिवंत होतं अशी पक्की समजूत, मग त्यात पाणघोडा जिवंत झाला तर तो मेलेल्या माणसालाच फाडेल, म्हणून पाय मोडून ठेवायचा म्हणजे हलता येणार नाही. त्याच काळात काही थडग्यांमधे चित्रलिपीतले सापसुद्धा मधोमध तोडलेले किंवा अर्धेच काढलेले सापडतात, कारण तेच.

विल्यम हे नाव कुठून आलं तेही तिने सांगितलं. १९३१ मध्ये 'पंच' या इंग्रजी साप्ताहिकात कॅप्टन रॅले यांचा लेख आला, त्यांच्या घरी या पाणघोड्याचं रंगीत चित्र होतं, घरचे त्याला विल्यम म्हणायचे आणि काही ठरवायचं असलं की त्याच्याकडे बघून ठरवायचे. म्युझियमने तो लेख आपल्या पत्रिकेत पुन्हा छापला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता त्याची खेळणी मिळतात, मोजे मिळतात, पोस्टकार्ड तर आहेतच. सगळीकडे चार पाय शाबूत आणि चेहरा गोड. भाचीचं म्हणणं असं की मुलांसमोर हा गोड विल्यम ठेवला तर सेन्बीची भीती कुठेच दिसणार नाही. मला पटतंय, पण शाळेला कसं सांगायचं ते बघावं लागेल.

१७ ऑगस्ट

सामान गोळा झालं. क्वार्ट्झची पावडर, धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, खडूची पावडर, फेल्डस्पार (भाजल्यावर घट्टपणा देणारं खनिज), थोडं बेंटोनाइट (चिकट माती), कॉपर कार्बोनेट, मँगनीज डायऑक्साइड. मास्क आणि हातमोजे नवीन आणले. क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही, कॉपर आणि मँगनीज पोटात जाता कामा नये, त्यामुळे सुक्या पावडरीचं सगळं काम बाहेर व्हरांड्यात, स्टुडिओत नाही, आणि घरातला कुठलाही चमचा या कामाला नाही.

फायन्स म्हणजे नक्की काय ते बाईंना समजावताना मी जे बोलले ते इथे लिहून ठेवते म्हणजे नंतर पाटीवर टाकता येईल. ही माती नाही. आपण मडकं करतो ते चिकणमातीचं, ती ओली असली की वळते. फायन्समधे चिकणमाती जवळजवळ नसतेच, ९० टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचा चुरा किंवा पांढरी वाळू, थोडा चुना, थोडा क्षार (इजिप्तमधे नेट्रॉन म्हणजे नैसर्गिक सोडा, किंवा झाडांची राख) आणि रंगासाठी तांबं. भाजल्यावर वर चकचकीत निळी काच येते आणि आतला भाग पांढुरका, दाणेदार राहतो. इजिप्तमधे हे इ.स.पू. ४००० च्याही आधीच्या मण्यांपासून दिसतं, आणि सक्कारा इथल्या झोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली तर भिंतीच्या भिंती फायन्सच्या निळ्या टाइल्सनी मढवलेल्या आहेत, ३६,००० च्या आसपास टाइल्स. साधारण इ.स.पू. २६५०. म्हणजे विल्यम बनला तेव्हा ही कला जुनी झालेली होती, बनवणारा माणूस शिकाऊ नव्हता, हे त्या रेघांवरूनही कळतं.

निळी काच चढवायच्या तीन पद्धती माहीत आहेत. एक म्हणजे वरून लेप द्यायचा. दुसरी म्हणजे वस्तू क्षार मिसळलेल्या पावडरीत पुरून भाजायची, इराणमधल्या कोम शहरात गाढवांच्या गळ्यातले निळे मणी विसाव्या शतकातही असे करायचे, ते बघूनच अभ्यासकांना ही पद्धत नीट समजली. आणि तिसरी, जी आम्ही करणार, त्यात क्षार गोळ्यातच कालवायचा आणि वाळताना तो आपोआप बाहेर येतो.

२५ ऑगस्ट

मिश्रणाच्या चाचणीच्या पट्ट्या करून वाळायला ठेवल्या आहेत. पावसाळ्यात घराच्या भिंतीला लोणा फुटतो ना, अगदी तसंच इथे होतं, पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जातं आणि येताना विरघळलेला सोडा घेऊन येतं, तो वर पांढरा साचतो. भिंतीवर लोणा दिसला की आपण वैतागतो, इथे मात्र मी भिंग घेऊन तो येतोय का ते बघत बसते. हाच पांढरा थर भट्टीत वितळतो, क्वार्ट्झला धरतो आणि काच बनतो.

पण बाहेर पाऊस आणि हवा इतकी दमट की पाणी उडतच नाहीये. झाकून ठेवलेल्या पट्टीवर थर जेमतेम, पंख्याखाली ठेवलेल्या पट्टीवर चांगला, कडांवर सगळ्यात जाड. जिथे पट्टी फळीला टेकली होती तिथे काहीच नाही. एका पट्टीवर मी मुद्दाम बोट टेकवून ठेवलं. बघू भट्टीतून काय येतं.

१ सप्टेंबर

आलं! निळं आलं! फार सुंदर आहे, फोटोत तो रंग येतच नाही. थर चांगला होता तिथे चकचकीत फिरोजी, कमी होता तिथे फिक्कट खरबरीत, खालची बाजू कोरडी पांढुरकी. आणि बोट टेकवलेल्या जागी माझ्या बोटाच्या आकाराचा टक्कल पडल्यासारखा डाग. म्हणजे लोणा आल्यावर वस्तूला अजिबात हात लावायचा नाही, हे आता सगळ्यांसाठी फळ्यावर लिहून ठेवलंय.

तापमान ९५० अंश सेल्सियसच्या जरा खाली ठेवलं होतं, इलेक्ट्रिक भट्टी. तांबं आणि सोडा एकत्र आले आणि भट्टीत हवा भरपूर असली की हा फिरोजी येतो, त्यात वेगळी जादू नाही, पण बघताना जादूच वाटते.

१८ सप्टेंबर

गणपती झाले, आता पुन्हा काम.

दोन मिश्रणं करून बघितली. एकात फेल्डस्पार आणि थोडी पांढरी माती आहे, हल्ली स्टुडिओत जे करतात तसं, ते भाजल्यावर घट्ट होतं, पडलं तरी लगेच तुकडे होणार नाहीत. दुसरं जुन्या इजिप्तच्या जवळचं, जवळपास सगळं क्वार्ट्झच, फक्त सोडा, खडू, चिमूटभर बेंटोनाइट आणि तांबं. हे दुसरं वळायला भयंकर त्रासदायक आहे. हातात घेतलं की ओल्या वाळूसारखं फुटतं, जरा दाबलं, थोपटलं की एकदम सैल पडून वाहायला लागतं, आणि सोडलं की परत आखडतं. याची सवय होईपर्यंत नुसते मणी आणि बोटाएवढ्या कांड्या करत होते. ज्या माणसाने यातून पाणघोड्याचे गाल, नाकपुड्या आणि ते छोटे कान काढले त्याला मनापासून नमस्कार.

एक गोष्ट भाचीने दाखवली ती मुलांना नक्की सांगायची. आपल्याकडेही फायन्स होतं. हडप्पा आणि मोहेंजोदडोला फायन्सच्या बांगड्या, मणी, छोट्या मुद्रा सापडल्यात आणि एक इवलीशी खार आहे, बसलेली, समोरचे पाय तोंडाशी धरलेली. तिथल्या कारागिरांची रीत इजिप्तपेक्षा वेगळी होती, ते आधी काचेसारखं वितळवून, कुटून, ती पावडर पुन्हा वापरायचे, त्यामुळे माल जास्त कणखर व्हायचा. सहावीच्या पुस्तकात हडप्पा असतंच, तर मुलांना एका बाजूला नाईलचा पाणघोडा आणि दुसऱ्या बाजूला सिंधूकाठची खार दाखवता येईल. खारीची प्रतिकृती यावेळी नाही, वेळ नाही, पण तिचं मोठं चित्र लावूया.

२९ सप्टेंबर

आज बाई स्टुडिओत आल्या, पायांचा विषय काढला. त्यांना सुरुवातीला अजिबात आवडलं नाही. "अहो, मुलं केवढ्या उत्साहाने येणार आणि आपण त्यांच्यासमोर लंगडा प्राणी ठेवायचा? तुम्हीच सांगा, बरं दिसेल का?" त्यांचं काळजीचं म्हणणं मला समजतं, लहान वर्गातली मुलंही बघायला येतात.

भाची म्हणाली, "बाई, पण तो मूळचा तसाच होता. आपण चार पाय केले तर आपण म्युझियमच्या दुरुस्तीची नक्कल करतोय, सेन्बीच्या पाणघोड्याची नाही."

मग बराच वेळ पाणघोड्यावरच बोलणं झालं. इजिप्तच्या लोकांना हा प्राणी रोज दिसायचा. नाईलमधे होडी उलथवायचा, रात्री शेतात शिरून पीक फस्त करायचा. जुन्या राज्याच्या (विल्यमच्याही आधीच्या काळातल्या) थडग्यांत, सक्काराला 'ती' नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात तर नक्कीच, पाणघोड्याच्या शिकारीचं मोठं चित्र कोरलंय, होडीतली माणसं दोर लावलेले भाले घेऊन उभी आणि खाली पाण्यात जबडे उघडलेले पाणघोडे. मॅनेथो या इजिप्शियन पुरोहिताने लिहून ठेवलंय की पहिला राजा मेनेस पाणघोड्यामुळेच मेला. पुढे एडफूच्या मंदिराच्या भिंतीवर होरस देव पाणघोड्याला भाला मारतो तो पाणघोडा म्हणजे त्याचा शत्रू सेथ. आणि याच लोकांनी बाळंतिणीची राखण करणारी तावेरेत देवी पण पाणघोडीच्याच रूपात बघितली! म्हणजे नुसती भीती नव्हती. पाण्यात बुडतो आणि परत वर येतो, कमळ रात्री मिटतं आणि सकाळी उघडतं, मेलेल्या माणसाला हेच तर हवं होतं, पुन्हा वर येणं. म्हणून त्याला थडग्यात घ्यायचाच, आणि घेऊन त्याचे पाय मोडायचे. हव्यासही खरा आणि धास्तीही खरी.

माझं मत मी तेव्हाच सांगितलं आणि इथेही लिहिते. या मूर्तीतली सगळ्यात माणुसकीची जागा मला ती तुटक्या पायांचीच वाटते. निळा रंग कारागिराचा आहे, पण पाय मोडणारा हात वेगळ्या कुणाचा तरी असेल, आपलं माणूस खाली ठेवून येताना त्याला तिथे काही होऊ नये म्हणून धडपडणाऱ्याचा. दुरुस्त केलेल्या विल्यमला बघून हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

बाई गप्प राहून ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "जोडी होती म्हणालात ना? मग दोन करा की." इतकी साधी गोष्ट आणि आम्हा दोघींना सुचली नव्हती. ठरलं. एक शाबूत, फेल्डस्पारच्या कणखर मिश्रणाचा, मुलांच्या हातात द्यायला. दुसरा क्वार्ट्झचा, भाजून झाल्यावर तीन पाय तोडलेला, तुकडे शेजारी ठेवायचे.

६ ऑक्टोबर

दोन्ही पाणघोडे घडवले. भट्टीच्या शेल्फवरच घडवले कारण लोणा आल्यावर उचलता येणार नाही, जिथे वाळणार तिथेच भाजणार. शेल्फवर ॲल्युमिनाची पूड, म्हणजे पाय चिकटणार नाहीत.

पोटात वाळलेल्या गवताचा घट्ट आवळलेला गोळा, दोऱ्याने बांधलेला, नाहीतर एवढं जाड अंग आतून वाळायला किती दिवस घेईल कोण जाणे. भट्टीत गवत जळून जाईल, पोटाखाली एक छोटं भोक ठेवलंय धूर जायला. पाय मात्र भरीव.

क्वार्ट्झवाल्याने दमवलं. पाय लावून पोट टेकवलं की पोट हळूहळू खाली बसायला लागायचं. मग पोटाखाली ओला स्पंज भरून ठेवला आणि अंग आखडल्यावर, लोणा यायच्या आत, काढून घेतला. आकार आणताना बोटांपेक्षा ओल्या ब्रशचा आणि बांबूच्या चपट्या काडीचा उपयोग जास्त झाला. मुस्कट रुंद, नाकपुड्या वर, डोळे बाहेर आलेले, कान अगदी छोटे. विल्यमची मान जवळजवळ नाहीच, डोकं सरळ खांद्यातून निघतं, आणि पाठ नुसती गोल नाही, मागे जाताना थोडी उतरते. हे फोटो बघत बसल्याशिवाय लक्षात येत नाही.

७ ऑक्टोबर

रेघा. मँगनीज डायऑक्साइड, त्यात त्याच मिश्रणाचं पातळ पाणी आणि डिंकाचे दोन थेंब, बारीक ब्रश. अंग अजून ओलसर आहे तोवर काढायच्या, म्हणजे नंतर क्षार रेघेतूनही वर येईल आणि रेघ काचेच्या आत जाईल.

चित्रातली फुलं म्हणजे आपल्या तळ्यातली कुमुदिनी असते त्या जातीची, निळी, टोकदार पाकळ्यांची. फुल, कळी, गोल पानं, लांब देठ. देठाची रेघ एका दमात मारावी लागते, पाठीच्या गोलाईवरून खाली पोटाकडे, मधे थांबलं की जाड ठिपका पडतो. भाचीने कणखरवाल्यावर काढलं, मी दुसऱ्यावर. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, तिची कमळं जास्त छान आलीत हे लिहायलाच हवं.

१४ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट या कामाला फारच मानवली. हवा कोरडी, दुपारी कडक ऊन, एक पंखा पुरला. दोन्ही पाणघोड्यांवर पांढरा थर असा आलाय की रेघा जवळजवळ दिसत नाहीत, कानांच्या टोकांवर आणि पाठीच्या कण्यावर सगळ्यात जाड, पोटाखाली पातळ. शाळेतून एक मुलगा वडिलांबरोबर बघायला आला होता, म्हणाला हे तर पांढरे आहेत, निळे कुठायत? त्याला म्हटलं तांबं आत आहे, भट्टीतून आल्यावर बघायला ये.

स्टुडिओचं दार बंद ठेवलंय, मांजर आत येऊ नये म्हणून.

२० ऑक्टोबर

भट्टी लावली. नोंद नीट ठेवतेय.

सकाळी लवकर सुरू, पहिले काही तास अगदी सावकाश, झाकणाला फट आणि वरचं भोक उघडं, कारण पोटातलं गवत जळताना धूर कोंडला तर तांब्याचा रंग बिघडून लालसर किंवा काळपट होऊ शकतो. अपेक्षेपेक्षा जास्त धूर आला, व्हरांड्यातले सगळे पंखे लावले आणि आम्ही बाहेर जाऊन बसलो. धूर थांबल्यावर झाकण बंद. ५७३ अंशाला क्वार्ट्झचे स्फटिक रचना बदलतात आणि एकदम फुगतात, आपल्या वस्तूत तर जवळपास सगळं क्वार्ट्झच, त्यामुळे ५५० ते ६०० हा टप्पा मुंगीच्या पावलांनी. त्यानंतर वेग वाढवला. संध्याकाळी ९४० ला पोचली, तिथे थोडा वेळ धरून ठेवली, मग बंद. उतरतानाही ५७३ चा टप्पा येतोच, म्हणून उद्यापर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

२२ ऑक्टोबर

उघडली.

दोघेही अखंड. कणखरवाला एकसारखा फिरोजी, चकचकीत, रेघा स्वच्छ काळ्या. क्वार्ट्झवाला जास्त सुंदर. पाठीवर रंग खोल, बाजूंना येता येता हिरवट होतो, मागच्या पायाजवळ काच थोडी ओघळून तिथे गडद थेंब झालाय, एका कमळाची रेघ तपकिरी होऊन कडेला किंचित पसरली आहे. मूळ फायन्समधेही रंग असाच कमीजास्त असतो, सरळ एकसारखा निळा हा आपल्या कारखान्याच्या टाइल्सचा. पोटाखाली स्पंज होता तिथे काच पातळ, पण ती जागा तशीही दिसत नाही.

भाची त्याला हातात घेऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, आता याचे पाय तोडायचे?" मी म्हटलं दिवाळी होऊ दे.

१० नोव्हेंबर

पाय तोडले.

क्वार्ट्झवाला जुन्या सुती साडीत गुंडाळून वाळूच्या पिशवीवर आडवा ठेवला, पायाच्या मुळाशी बारीक छिन्नी आणि वर हलकी हातोडी. डोळ्यांवर चष्मे, तोंडाला मास्क. भाचीने फोनवर शूटिंग केलं. पहिला पाय दोनतीन टोल्यांत निघाला, दुसरा पटकन, तिसऱ्याला वेळ लागला आणि तो तिरका तुटला. कुठला पाय ठेवायचा यावर आम्ही फार विचार केला नाही, पुढचा एक ठेवला. तोडताना वाईट वाटलं का, तर हो, खूप वाटलं, हात थांबत होता. इतके दिवस जपलेली वस्तू. सेन्बीच्या माणसांनाही काही वाटलंच असेल, ती मूर्ती त्यांच्यासाठी तर अजून मोलाची.

आणि मग तुटलेली बाजू बघितली, आणि तिथे आमचं सगळं बोलणं बंद पडलं. बाहेर निळ्या काचेची बारीक कड, जेमतेम मिलिमीटरभर, काही ठिकाणी त्याहून कमी. तिच्या आत एक फिक्कट हिरवट पट्टा, जिथे काच दाण्यांमधे थोडी झिरपली आहे. आणि त्याच्या आत सगळं पांढुरकं, साखरेसारखं दाणेदार, नखाने खरवडलं तर कण निघतात. भिंगातून क्वार्ट्झचा एकेक दाणा दिसतो, कडा धारदार, एकमेकांना काचेच्या बारीक टिपक्यांनी धरलेले. फायन्स म्हणजे काय हे मी बाईंना ऑगस्टपासून तोंडाने सांगतेय, ते सगळं या दोन सेंमीच्या तुटक्या तोंडावर आहे. शाबूत पाणघोडा हे कधीच दाखवू शकला नसता. अभ्यासकांनाही आतली रचना बघायची तर तुटके तुकडेच कामाला येतात, अखंड वस्तू कोण फोडू देणार.

त्यामुळे मांडणी बदलतेय. तुकडे नुसते शेजारी ठेवायचे नाहीत, एक पाय तुटकी बाजू वर करून, त्यावर स्टँडचं भिंग. दाणे निघतात म्हणून तुटक्या कडांना पातळ ॲक्रिलिकचा हात देऊन घेतला, फक्त भिंगाखालचा तसाच ठेवला, तो काचेच्या डबीत.

१७ नोव्हेंबर

पाट्यांचा मजकूर बाईंबरोबर पक्का केला. लहान ठेवलाय, मोठ्या अक्षरात. पहिल्या पाटीवर, "हा पाणघोडा हातात घ्या. असाच एक सुमारे ३,९०० वर्षांपूर्वी इजिप्तमधे सेन्बी नावाच्या कारभाऱ्याबरोबर पुरला होता. तो मातीचा नाही, वाळूचा आहे." दुसरीवर, "याचे पाय मुद्दाम तोडले आहेत. का तोडले असतील? आधी तुम्ही सांगा, मग पाटी उलटा." उत्तर मागच्या बाजूला. ही पाटी उलटायची कल्पना बाईंची, त्यांना आता हा तुटका पाणघोडाच जास्त आवडायला लागलाय असं त्या म्हणाल्या.

विल्यम हे नाव पाटीवर घ्यायचं का यावर थोडं बोलणं झालं. घेतलं, पण शेवटी. आधी सेन्बी, मेईर, नाईल, मग न्यूयॉर्क आणि विल्यम. इजिप्तमधे आता जंगली पाणघोडे नाहीत, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते तिथून संपले, हे वाक्यही घातलं.

ऑक्टोबरमधे आलेला तो मुलगा पुन्हा आला होता. निळा बघून खूश झाला, पाटी उलटायच्या आधीच म्हणाला, पळून जाऊ नये म्हणून. बाई म्हणाल्या, जवळ आलास, अजून विचार कर.

२४ नोव्हेंबर

दोन्ही पाणघोडे, तुकड्यांची डबी, भिंग, खारीचं चित्र आणि पाट्या शाळेत पोचवल्या. कणखरवाला गालिच्याच्या तुकड्यावर ठेवायचा आणि बसूनच हातात घ्यायचा, उभ्याने नाही, हे स्वयंसेवक मुलांना दाखवून आले. भाची प्रदर्शनाच्या दोन्ही दिवशी तिथे थांबणार आहे.

बाईंना जानेवारीत मुलांकडून मणी करून घ्यायचेत. सुकं मिश्रण मीच कालवून नेणार, मुलांना फक्त ओला गोळा आणि हातमोजे. निक्रोमच्या (भट्टीची उष्णता सोसणाऱ्या) तारेवर ओवून भाजायचे म्हणजे कुठेही न टेकता सगळीकडून निळे होतील. क्वार्ट्झची पावडर संपत आली आहे, ५ किलो मागवायची, आणि कॉपर कार्बोनेट या आठवड्यातच सांगून ठेवायचं.